जोडून घेतलेले दिवस

हीथ्रो विमानतळावर खिडकीमागे बसलेल्या अधिकारी बाईंनी मला विचारले, "कशासाठी आलात?" प्रश्न साधाच होता. त्या सकाळी त्यांनी तो शेकडो लोकांना विचारला असेल आणि शेकडो लोकांनी त्याचे चटकन उत्तरही दिले असेल. मी मात्र किंचित अडखळलो. "बिझनेस," मी म्हणालो, आणि आपण अर्धेच बोललो असे वाटून पुस्ती जोडली, "आणि नंतर थोडे लंडन पाहणे." किती दिवस, असे त्यांनी मान वर न करता विचारले. दहा कामाचे आणि सहा फिरण्याचे, असे मी सांगितले. शिक्का बसला.

माझ्या मागे आमच्या कारखान्यातले मिस्त्री उभे होते. त्यांनाही तोच प्रश्न झाला. त्यांनी विमानात घोकून ठेवलेले उत्तर एका शब्दात दिले, "वर्क." आणि त्या एका शब्दापाशी सगळे अडले. बाईंनी मान वर केली. कोणाकडे काम करणार, पगार कोण देणार, परत केव्हा जाणार, अशी प्रश्नांची माळ लागली. मिस्त्रींना इंग्रजी यंत्रापुरते येते. माणसांच्या इंग्रजीची त्यांना सवय नाही. शेवटी मी मागे फिरून सांगितले, की नागपूरजवळ हिंगण्याला आमचा कारखाना आहे, आम्ही कॉव्हेंट्रीच्या एका कंपनीकडून यंत्र घेतले आहे, ते रवाना होण्यापूर्वी तपासायचे आणि चालवायला शिकायचे, एवढ्यासाठी हे आले आहेत. पत्र दाखवले. मग त्यांचाही शिक्का बसला.

त्या वेळी मला याची केवळ मौज वाटली. ज्याला ते लोक 'व्हिजिटर' म्हणतात त्याच्या परवान्याचा नियम असा, की पाहुण्याने तिथे नोकरी करता कामा नये. बैठकीला बसावे, माल तपासावा, काही शिकून घ्यावे, राजवाडे पाहावेत, नातेवाइकांकडे जेवावे; पण 'वर्क' म्हणून करू नये. २०१५ साली त्यांनी पाहुण्यांचे निरनिराळे प्रकार एकत्र केले, तेव्हापासून धंद्यासाठी येणारा आणि हौसेसाठी येणारा हे एकाच परवान्यावर येतात. सहसा तो सहा महिन्यांचा असतो. तेव्हा मी जे सांगितले ते नियमात चपखल बसत होते, आणि मिस्त्रींनी जे सांगितले ते नेमके नियमाबाहेरचे होते. 'मी पाहायला आलो' म्हणणाऱ्याला वाट मोकळी झाली आणि 'मी कामाला आलो' म्हणणाऱ्याला उभे करून ठेवले गेले. आमच्या मराठीतला 'काम' हा शब्द किती पोटभर आहे, आणि इंग्रजीत त्याच्या कशा चिरफळ्या होतात, यावर मी कॉव्हेंट्रीपर्यंतच्या बसमध्ये मिस्त्रींना एक छोटेसे व्याख्यानही दिले. ते "हो जी, हो जी" म्हणत खिडकीबाहेरच्या मेंढ्या पाहत होते.

आता हे सहा दिवस आले कसे, ते सांगितले पाहिजे. २०२४ च्या उन्हाळ्यात जाण्याचे ठरले. अर्ज भरले, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. अर्जात येण्याचा हेतू काय, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, असे सगळे विचारतात. आम्ही दोघांनीही दहा दिवस लिहिले होते. दोघांचे पासपोर्ट एकाच दिवशी परत आले. दोन्हींत परवान्याच्या तारखा त्याच. मग एक दिवस आमचे मालक सहज म्हणाले, "गेलाच आहात तर लंडन पाहून या. परतीचे तिकीट पुढचे काढू." मी वरवर "छे, कशाला" म्हणालो. मनातून मला फार बरे वाटले. वय पंचावन्न, आणि लंडन हे ज्यांच्या पाठ्यपुस्तकातून कधी गेलेच नाही, अशा पिढीतला मी.

"गेलाच आहात तर" या शब्दांत आपल्या समाजाचे एक सबंध नीतिशास्त्र भरलेले आहे असे मला वाटते. आपण मराठी माणसे निव्वळ आनंदासाठी घराबाहेर पडायला लाजतो. आपल्याला निमित्त लागते. लग्नाला अमरावतीला गेलोच आहोत तर अंबादेवीचे दर्शन घेऊन येऊ. रामटेकला देवाला आलोच आहोत तर खिंडसीचा तलाव पाहू. खेड्यातला माणूस कोर्टाच्या तारखेला नागपुरात येई, तारीख पुढची मिळे, आणि मग तो पोराबाळांना महाराजबाग आणि अजबबंगला दाखवून संध्याकाळच्या गाडीने परते. अजबबंगला म्हणजे इथले मध्यवर्ती संग्रहालय. पण ते नाव पाटीपुरते. तारखेने दिलेला मनस्ताप अजबबंगल्यातल्या प्राण्यांनी थोडा भरून निघे. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, आणि गैर नव्हतेच. निमित्त म्हणजे लबाडी नव्हे. कष्टांनी वाकलेल्या माणसाला आनंदाकडे जाताना धरायला दिलेली ती एक काठी आहे.

पण काठी कोणाची आणि तिचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न राहतोच. माझे वडील काटोलकडच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. एकदा त्यांचे प्रशिक्षण नागपूरला झाले. चार दिवसांचे. पाचव्या दिवशी मला अजबबंगला दाखवायचा म्हणून ते थांबले. परतल्यावर त्यांनी प्रवासभत्त्याचे बिल भरले ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. परतीच्या तिकिटावरची तारीख पाचव्या दिवसाची होती. दप्तरातला कारकून म्हणाला, "गुरुजी, एक दिवस इकडेतिकडे, कोण पाहतो?" वडिलांनी पाचव्या दिवसाचा भत्ता घेतला नाही, त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली, आणि परतीचे भाडेही घेऊ नये की काय याचा दोन दिवस विचार केला. शेवटी घेतले, कारण, ते म्हणाले, चौथ्या दिवशी परतलो असतो तरी तेवढेच लागले असते. त्यांचा हा विचार मला तेव्हा हास्यास्पद वाटला होता. पुढे नोकरीत कळले, की तो मुळीच हास्यास्पद नाही. १९६२ च्या आयकर नियमावलीत, तिसऱ्या नियमाच्या एका पोटकलमात, कामाचा दौरा सुट्टी म्हणून लांबवला तर मालकाने दिलेल्या सोयीचे मोल केवळ त्या वाढलेल्या दिवसांच्या खर्चापुरतेच धरावे असे म्हटलेले होते. सरकारी नियमाने आणि एका शाळामास्तराने, एकमेकांना न विचारता, एकाच ठिकाणी रेघ मारली होती.

मीही तीच रेघ मारली. सहा दिवसांची माझ्या हक्काची रजा टाकली. हॉटेलचे भाडे, जेवणखाण, तिकीट बदलण्याचा जादा आकार, सारे माझ्या खिशातून. अर्जातल्या दहा दिवसांचे सोळा झाले म्हणून एका वकील स्नेह्यांना विचारलेही. ते म्हणाले, "मुदतीच्या आत आणि परवानगीच्या हेतूंत राहून बेत बदलला तर त्यात अपराध कसला? विचारले तर खरे सांग, म्हणजे झाले." विचारले तेव्हा मी खरे सांगितले, हे वर आलेच आहे. एकंदरीत माझ्या सहा दिवसांवर कोणाचे देणे राहिले नव्हते असे मी समजत होतो.

काम चांगले झाले. त्यातले बहुतेक मिस्त्रींनी केले. मी कागद तपासले, त्यांनी यंत्र तपासले. एका ठिकाणी स्पिंडलला न दिसणारी थरथर होती. तिथल्या माणसांचे मापयंत्र ती मान्य करीना. मिस्त्रींनी आवरणावर पालथा हात ठेवून ती दाखवली. तिसऱ्या दिवशी बेअरिंग बदलले गेले. त्या कारखान्यातला एक म्हातारा फोरमन त्यानंतर रोज मिस्त्रींसाठी चहा घेऊन येई, आणि दोघे एकमेकांची भाषा न जाणता अर्धा अर्धा तास बोलत. रविवारी आम्ही कॉव्हेंट्रीचे जुने कॅथेड्रल पाहिले. १९४० च्या नोव्हेंबरात बॉम्बहल्ल्यात ते जळाले. उघड्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवे बांधले, ते १९६२ साली पुरे झाले. मिस्त्री त्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये बराच वेळ उभे राहिले. "पाडून नाही टाकलं, बरं केलं," एवढेच म्हणाले. यावरून मला कळायला हवे होते, की पाहण्याची हौस आणि पाहण्याची ताकद माझ्याइतकीच, कदाचित जास्त, त्यांच्याजवळ आहे.

दहावा दिवस शनिवार होता. मिस्त्रींचे विमान रात्री नऊला. मी सकाळी त्यांना हीथ्रोच्या बसमध्ये बसवले. माझ्या घरच्यांसाठी घेतलेल्या काही वस्तू त्यांनी आपल्या पेटीत भरून घेतल्या. "माझं वजन उरून राह्यलं, साहेब, द्या इकडं," असे तेच म्हणाले. मग मी आगगाडी धरली आणि तासाभरात लंडनच्या युस्टन स्टेशनावर उतरलो. तो दिवस फार सुंदर होता.

लंडनविषयी इथे लिहीत नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे. पु. ल. देशपांडे बी.बी.सी.त शिकायला गेले आणि त्याला जोडून फ्रान्स-जर्मनी पाहून आले, त्यातून १९६० साली 'अपूर्वाई' हे पुस्तक मराठीला मिळाले. शिक्षणापेक्षा त्याला जोडून घेतलेल्या दिवसांचेच ऋण आपल्यावर अधिक आहे. तेव्हाची गोष्टही निराळी होती. १९६२ चा कायदा होईपर्यंत राष्ट्रकुलातल्या माणसाला इंग्लंडच्या दारात हेतू सांगावा लागत नसे, आणि निघण्यापूर्वी व्हिसा काढण्याची सक्ती भारतीयांवर आली ती १९८६ साली. हेतूचा जाबजबाब ही तशी अलीकडचीच रीत आहे. मौज म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे पाहायला गेलो, तर ती तिथे नव्हती. जुलैतच ती तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याला गेली होती. पुढे २०२५ मध्ये ती आमच्या अजबबंगल्यात आली आणि मी ती इथेच पाहिली. म्हणजे तीही मुदतीच्या परवान्यावरच आली म्हणायची.

चौथ्या दिवशी मी किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेलो. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले, आणि आता ते स्मारक आहे. युस्टनहून भुयारी रेल्वेचे तिसरे स्टेशन चॉक फार्म; तिथून थोडे चालले की शांत, झाडांची, एकसारख्या उंच घरांची गल्ली लागते. मी गेलो तो खरे सांगायचे तर यादीतले एक ठिकाण म्हणून. पण आत गेल्यावर माणूस हळू बोलू लागतो. त्या खोल्यांतून हिंडताना माझ्या मनात जी गोष्ट घोळत राहिली, ती माझ्या प्रवासाशी नको इतकी जुळत होती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले आणि १९१६ साली लंडनला आले. अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते परत गेले. मला वाढीव दिवस एका वाक्याने मिळाले होते, तेही मी न मागता. त्यांना ते मिळवायला तीन वर्षे लागली.

तिथे एक वृद्ध पंजाबी गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. मी नागपूरचा असे कळताच त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "दीक्षाभूमी तुमच्या घरापासून किती दूर?" त्यांनी हिंदीत विचारले. तीन किलोमीटर, मी म्हणालो. "मग तर तुम्ही रोज जात असाल." मी काहीतरी पुटपुटलो. खरे म्हणजे मी शाळेच्या सहलीबरोबर एकदा गेलो होतो, आणि त्यानंतर दर दसऱ्याला ती वाट टाळून, दुसऱ्या रस्त्याने जात आलो आहे. कारण त्या दिवशी लाखो माणसे येतात आणि मोटार पुढे सरकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे घडले ते ज्या गावात घडले, त्या गावचा मी माणूस. आणि त्या गृहस्थांनी माझा हात धरला होता तो त्या नात्याने.

त्याच क्षणी मला मिस्त्री आठवले.

मिस्त्री इंदोऱ्याला राहतात. दर वर्षी दसऱ्याच्या आधी ते दोन दिवस रजा घेतात, आणि तो अर्ज सहीसाठी माझ्याच टेबलावर येतो. त्यांच्या वस्तीतली मंडळी त्या दिवसांत दूरवरून येणाऱ्यांसाठी पाण्याची आणि जेवणाची सोय करतात. मिस्त्री शेगड्या आणि नळ सांभाळतात. बावीस वर्षांत मी बावीस अर्जांवर सही केली असेल. हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ठाऊक असून आठवले नाही. त्या शनिवारी दुपारी मी युस्टनला उतरलो तेव्हा हे घर तीन स्टेशनांवर होते, आणि मिस्त्री विमानतळावर बाकावर बसून रात्रीच्या विमानाची वाट पाहत होते. त्यांना बरोबर आणायला रजा लागणार नव्हती, तिकीट बदलायला नको होते, मालकांची परवानगी नको होती. आणखी एक आगगाडीचे तिकीट आणि दोन तास, एवढेच लागणार होते.

परत आल्यावर मी हे त्या वकील स्नेह्यांना अंबाझरीच्या काठावर फिरताना सांगितले. त्यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. ते म्हणाले, "त्यांनी मागितले होते का?" नाही. "मग? न मागणाऱ्याच्या इच्छांचा शोध घेत बसणे हे तुझे काम नव्हे. उद्या तू त्यांना म्हणाला असतास, आणि त्यांना मुलीच्या परीक्षेसाठी घरी पोचायचे असते, तर भिडेखातर ते थांबले असते. दुसऱ्याला काय आवडेल हे आपणच ठरवणे हाही एक उद्धटपणाच असतो." यात तथ्य आहे. खालच्या माणसावर उपकार करण्याची हौस वाईट. ती मी पुष्कळ साहेबांत पाहिली आहे, आणि ज्यांच्यावर ते उपकार झाले त्यांचे चेहरेही पाहिले आहेत.

तरीही माझे समाधान झाले नाही. मागण्यासाठी माणसाला आधी असे वाटावे लागते, की आपल्याला 'हो' म्हटले जाण्याचा संभव आहे. मला तो संभव मागण्याआधीच हातात ठेवला गेला होता. मालकांनी "गेलाच आहात तर" म्हटले ते मला. मिस्त्रीही गेलेच होते, पण ते वाक्य त्यांना कोणी म्हटले नाही. मालकांच्या मनात दुष्टावा नव्हता, माझ्याही नव्हता. आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर जे चित्र होते, त्यात साहेब काम आटोपून लंडन पाहतो आणि मिस्त्री काम आटोपून घरी येतो. चित्र इतके जुने आणि इतके सरावाचे, की ते चित्र आहे हेच कोणाला दिसत नव्हते. परवाना देणाऱ्या परक्या सरकारने आमच्यात काही भेद केला नव्हता. दोघांकडून तेवढेच पैसे घेतले, दोघांना तेवढेच महिने दिले. सहा महिन्यांत दहा दिवसच मिस्त्रींचे आणि सोळा माझे, ही वाटणी हिंगण्याच्या कचेरीत झाली होती, आणि ती करताना कोणी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

खर्चाचे म्हणाल तर तो मुद्दा खरा आहे. सहा दिवसांचे हॉटेल मिस्त्रींच्या पगारात बसले नसते. पण मी हा हिशेब मांडून मग सोडून दिला होता असे नाही. मी तो मांडलाच नव्हता. माझे वडील परतीच्या भाड्याचा दोन दिवस विचार करीत बसले. माझ्या हिशेबात रजा होती, भत्ता होता, आयकर होता, एका पैशाची चूक नव्हती. त्यात माझ्या शेजारी बसून दहा तास उडत आलेला माणूस तेवढा नव्हता. मालकाचे, सरकारचे, घरच्यांचे देणे आपण फेडू शकतो, कारण ते लोक मागतात. जो मागत नाही त्याचे देणे वहीत येतच नाही. मग वही कितीही स्वच्छ असो. वडिलांच्या त्या पाचव्या दिवसाचाही मी आता निराळा विचार करतो. प्रशिक्षणाला त्यांच्याबरोबर शाळेचा शिपाई सामान घेऊन आला होता, असे मला पुसट आठवते. अजबबंगल्यात तो आमच्याबरोबर होता का? मी पुष्कळ ताण दिला, आठवत नाही. प्राणी आठवतात.

यावर कोणी म्हणेल, की अशा दृष्टीने पाहू लागलो तर माणसाने कोणताही आनंद भोगायलाच नको. प्रत्येक सुखाच्या मागे कोणीतरी बाकावर बसलेले सापडेल. हा आक्षेप मी मनाशी बरेचदा घोळला आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. बाकावर बसलेल्या सर्वांचे उत्तरदायित्व एका माणसावर येऊ शकत नाही. पण सर्वांचे येत नाही म्हणून एकाचेही येत नाही, असे त्यातून निघत नाही. हे जगातले कोणी दूरचे दुःखी नव्हते. बावीस वर्षे ज्यांच्या रजेच्या अर्जावर मी सही करतो ते हे एक गृहस्थ होते. आणि माझे ते सहा दिवस वाईट होते असेही मी म्हणत नाही. ते फार चांगले गेले. तसेच पुन्हा मिळाले तर मी घेईन.

मिस्त्रींना मी हे काही बोललो नाही. काय बोलणार? क्षमा मागायची तर त्यांच्यावर नवेच ओझे टाकायचे. "असू द्या, साहेब" म्हणण्याची कामगिरी पुन्हा त्यांच्याकडेच. दसरा झाल्यावर ते कामावर आले त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मी त्यांना मोबाईलमधले त्या घराचे फोटो तेवढे दाखवले. त्यांनी तेलकट हात आधी चिंध्यांना पुसले, मग मोबाईल दोन्ही हातांत घेतला. दाराशेजारची निळी पाटी बोटांनी मोठी करून पाहिली. "आत जाऊ देतात काय?" त्यांनी विचारले. देतात, मी म्हणालो. "तिकीट?" नाही, फुकट. ते बराच वेळ एकेक फोटो पुढे सरकवत राहिले. आजूबाजूचे दोघे-तिघे डबे तसेच ठेवून उठून आले आणि त्यांच्या खांद्यावरून पाहू लागले. दार, पायऱ्या, पाटी, वरच्या मजल्याची खिडकी, खोलीतली पुस्तके.

मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला आणि जरा संकोचाने म्हणाले, "साहेब, घरी लावाले पाहिजे होता एक. तुमी नसलेला एखांदा हाय काय?"

मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. तसा एकही नव्हता.